इंडोमिनस घ्यायचाय? आधी खांदा बघा, किंमत नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे: मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीचा ‘सुपर कोलोसल’ इंडोमिनस रेक्स, म्हणजे ‘ज्युरासिक वर्ल्ड’ चित्रपटातल्या संकर डायनासोरची मोठी बाहुली, वापरलेला, खोक्याशिवाय, साडेचार हजारांना मिळतोय. मुलगी नऊ वर्षांची, पण खरं तर बाबांनाच हवाय. मित्र म्हणतो, संकर डायनासोर म्हणजे बनावट प्राणी, त्यापेक्षा सरळ टी-रेक्स घे. घ्यावा का, आणि बघायला गेल्यावर नेमकं काय बघावं?

माझी ओळख एका ओळीत देतो. बावीस वर्षं अंधेरी एमआयडीसीतल्या टूलरूममध्ये प्लास्टिकचे साचे घासले. आता घरी बसून लोकांचे मोडलेले डायनासोर दुरुस्त करतो आणि रंगवून देतो. हाच इंडोमिनस माझ्या हातून चार वेळा गेलाय, पाचवा माझा स्वतःचा आहे. तो कपाटावर बसतो आणि पंख्याची हवा अडवतो.

आधी मित्राचं बघू. संकर म्हणून तो खोटा, हे म्हणणं एका अर्थी बरोबर आहे. टी-रेक्सच्या बाहुलीसमोर हाडांचा सांगाडा ठेवता येतो. हाताला दोनच बोटं हवीत, तिसरं दिसलं की चूक, असं बोट ठेवून सांगता येतं. इंडोमिनसचा सांगाडा कुठल्याच संग्रहालयात नाही. म्हणून बनवणाऱ्याला वाटतं आपण मोकळे, आणि घेणाऱ्याला वाटतं यात तपासायचं काय! माझं मत नेमकं उलट आहे. संकर प्राण्याची परीक्षा जास्त कडक असते.

लालबागच्या नाहीतर पेणच्या एखाद्या चांगल्या कारखान्यात जा. हत्तीचं डोकं माणसाच्या धडावर. याहून अवघड जोड सांगा! पण चांगल्या मूर्तीत आपली नजर मानेपाशी अडखळत नाही. कान खांद्यावर उतरतात, सोंड छातीवरून पोटाकडे वळते, आणि डोकं कुठे संपलं, धड कुठे सुरू झालं हा प्रश्न मनात येतच नाही. कच्च्या हाताच्या मूर्तीत मात्र डोकं ‘ठेवलेलं’ दिसतं. किल्ल्यांच्या दरवाजांवरचे शरभ, ते सिंहासारखे कल्पित प्राणी, बघा, तिथेही हेच. दोन प्राणी जिथे भेटतात ती जागा पटली की सगळं पटतं. संकर डायनासोर मी याच नजरेने बघतो. दात किती, आवाज कसा, हे नंतर.

आता इंडोमिनसमध्ये कोण कोण भेटलंय? २०१५च्या ‘ज्युरासिक वर्ल्ड’ चित्रपटाच्या जगात त्याचा पाया टी-रेक्सचा. त्यात रॅप्टर, जिगॅनोटोसॉरस, कार्नोटॉरस, मजुंगासॉरस, रुगॉप्स, थेरिझिनोसॉरस, आणि वरून कटलफिश (माकुळासारखा समुद्री जीव) आणि झाडावरचा बेडूक. कटलफिशमुळे तो रंग बदलून लपतो, बेडकामुळे अंगाची उष्णता लपवतो. यातले कार्नोटॉरस, मजुंगासॉरस आणि रुगॉप्स हे तिघे अबेलिसॉरिड घराण्यातले: आखूड चेहरा, खडबडीत कवटी, आणि हात इतके छोटे की असून नसल्यासारखे. आपला राजासौरस नर्मदेन्सिस याच घराण्यातला. गुजरातमधल्या बालासिनोरजवळच्या रहिओलीत हाडं सापडली, २००३ मध्ये त्याला नाव मिळालं. मादागास्करच्या मजुंगासॉरसचा तो जवळचा नातेवाईक. म्हणजे इंडोमिनसच्या कपाळावरचे ते शिंगांसारखे उंचवटे बघताना लांबच्या नात्याने आपल्याच माणसाकडे बघतोय असं समजायला हरकत नाही. मुलीला हे जरूर सांगा. दुकानदार सांगणार नाही.

बेडकाचा विषय निघालाच आहे तर जरा थांबतो. वरळीच्या टेकडीत लाव्हाच्या दोन थरांमध्ये गाळाचा एक पट्टा आहे, त्यात छोट्या बेडकांचे जीवाश्म सापडले. १८४७ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं वर्णन केलं. आज त्या बेडकाला इंडोबॅट्राकस पुसिलस म्हणतात. ‘डायनासोर’ हा शब्द ज्यातून आला ते ‘डायनोसॉरिया’ हे नाव १८४२ मध्ये दिलं तेही याच ओवेन यांनी. आणि अंधेरीतली गिल्बर्ट हिल, तो सुमारे दोनशे फूट उंच काळा दगड, साधारण सहा ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे डायनासोर संपले त्याच्या आसपासचा. माझी टूलरूम तिथून चालत जाण्याच्या अंतरावर होती आणि मला हे पन्नाशीत कळलं!

असो. खेळण्याकडे वळू.

सुपर कोलोसल म्हणजे तीन फुटांहून लांब. बॅटरी नाही, आवाज नाही, दिवा नाही. जबडा उघडतो, हातपाय फिरतात, तोंडातून आत टाकलेले छोटे डायनासोर पोटात साठतात आणि पोटाजवळच्या झाकणातून बाहेर काढता येतात. बस्स, एवढंच यंत्र. मला हे आवडतं. बॅटरीचा प्राणी मुंबईच्या दोन पावसाळ्यांत मुका होतो, कारण संपर्काच्या पट्ट्यांवर हिरवं चढतं. याच्यात विजेचं बिघडायला काही नाहीच.

चेहरा उत्तम. अबेलिसॉरिडचं खडबडीत कपाळ आणि टी-रेक्सचा लांब जबडा यांची भेट डोळ्याच्या पुढे, नाकाच्या कण्यावर होते. तिथे शिल्पकाराने घाई केलेली नाही. उंचवटे हळूहळू बारीक होत नाकपुडीपर्यंत जातात. अंगठा फिरवून बघा, कुठे पायरी लागत नाही. दहापैकी आठ.

खरी भानगड खांद्यात आहे. गोष्टीप्रमाणे याचे हात लांब, झडप घालणारे. पण पाया टी-रेक्सचा, आणि टी-रेक्सच्या छातीला लांब हाताची सवयच नाही. लांब हात लावायचा तर खांद्याचं हाड मागे जायला हवं, छाती रुंद व्हायला हवी, मान थोडी वर उचलली जायला हवी. या बाहुलीत छाती टी-रेक्सचीच राहिली आणि हात बाहेरून आणून लावलेत. उजेडात धरून बघितलं की खांद्याभोवती एक गोल खाच दिसते, चहाच्या कपाच्या तळाएवढी, हात फिरण्यासाठीची. अंगावरच्या खवल्यांच्या ओळी त्या खाचेपाशी तुटतात. मी माझ्या नगाचा हात हळूहळू फिरवत बसलो होतो. एका ठरावीक कोनात, कोपर जरा खाली आणि मागे असताना, ओळी एकमेकींना बरोबर भेटतात. शिल्पकाराने मूळ मूर्ती त्याच पवित्र्यात घडवली असणार, आणि नंतर इंजिनिअरने तिला कापून सांधा बसवला. तुमच्या शेल्फवर ठेवताना तोच कोन शोधा. तेवढ्याने तो निम्मा अधिक चांगला दिसतो, आणि पैसे लागत नाहीत.

यात मी कारागिराला दोष देणार नाही. साच्यातून वस्तू निघताना साचा दोन बाजूंना उघडतो. खांद्याच्या आत वळणारी घडी घडवली तर ती साच्यात अडकते, आम्ही त्याला अंडरकट म्हणतो. सोडवायला साच्यात सरकणारे तुकडे घालावे लागतात आणि साचा महाग होतो. मोठ्या, स्वस्त, पोकळ खेळण्यात कोणी ते करत नाही. संग्राहकांसाठी मॅटेलची २०२२ पासूनची ‘हॅमंड कलेक्शन’ आहे, तिथे सांधे कितीतरी जास्त आणि घड्याही सांभाळलेल्या असतात. पण ती शेल्फसाठीच. मुलांच्या धसमुसळेपणात तिचे बारीक सांधे मला आवडत नाहीत.

तळहाताबद्दल एक. खऱ्या मांसाहारी डायनासोरांचे तळहात जमिनीकडे वळत नसत, टाळी वाजवताना असतात तसे समोरासमोर असत. टी-रेक्सच्या बाहुलीत मी याचे गुण कापतो. इंडोमिनसमध्ये नाही कापत. त्याला त्याच्या लेखकांनी पकडणारा हात दिलाय, तर मनगट वळलं तर वळू दे. नियम मोडायचाच प्राणी आहे तो.

मागची बाजू ठीक. मांड्या भरीव दिसतात, पाय मोठे आहेत. एवढं डोकं पुढे असूनही तो दोन पायांवर उभा राहतो, कारण सगळं पोकळ आहे आणि शेपूट वजन सांभाळते. खऱ्या प्राण्यातही कंबर हीच तराजूची दांडी होती. वापरलेला नग बघताना त्याला सपाट फरशीवर उभा करा आणि दोन मिनिटं विक्रेत्याशी गप्पा मारा. हळूहळू एका बाजूला झुकत असेल तर कमरेचा सांधा सैल झालाय. तो पक्का करता येतो, पण भाव पाडायला कारण मिळालं.

रंगाबद्दल मी नाराज आहे. पांढरट राखाडी अंग, त्यावर रंगाचे जेमतेम दोन हात. चित्रपटात ज्या प्राण्याची सगळी गंमत रंग बदलण्यात, त्याचं खेळणं सगळ्यात फिकं! एवढ्या मोठ्या अंगाला कारखान्यात हाताने फवारायचं तर प्रत्येक फवाऱ्याचा खर्च, हे मला कळतं. तरी फिका तो फिकाच. पण इथे तुम्हाला काही करता येईल. अ‍ॅक्रिलिकचा तपकिरी रंग भरपूर पाण्यात पातळ करून अंगावर ओता आणि जुन्या बनियनच्या तुकड्याने लगेच पुसा. खाचांत रंग राहतो, वरचा निघतो, आणि खवले अचानक जागे होतात. एका रविवारचं काम. मुलीला सोबत घ्या, खाली वर्तमानपत्र पसरा. इनॅमल किंवा हार्डवेअरच्या दुकानातला स्प्रे मारू नका. मऊ प्लास्टिकवर तो महिनोन् महिने चिकट राहतो आणि वर्षभराची धूळ पकडतो. थिनरने साफ करायचा विचारही नको, कडक प्लास्टिक विरघळतं.

मापाचाही घोळ आहे. पावणेचार इंची माणसांच्या बाहुल्या साधारण १:१८ मापाच्या. तीन फुटांचा प्राणी त्या हिशोबाने चोपन्न फुटांच्या पुढे गेला, म्हणजे साधारण चाळीस फुटी टी-रेक्सपेक्षा बराच मोठा. तुमच्याकडे त्या बाहुल्या आणि जीपा असतील तर हा त्यांच्यात बसणार नाही, राक्षसच वाटेल. माझी हरकत नाही. संकर राक्षसच असायला हवा.

संकर खेळण्यांचा इतिहास लोक २०१५ पासून मोजतात, ते चूक. १९९३ मध्ये केनर या कंपनीने ‘ज्युरासिक पार्क’ची पहिली खेळणी काढली, पायावर शिक्का आणि अंगावर काढता-लावता येणारी जखम असलेली. त्याच केनरने १९९८ मध्ये ‘केऑस इफेक्ट’ नावाची मालिका काढली, तीत बहुतेक संकर. पाठीशी चित्रपट नव्हता, म्हणून रंग मनाला येतील ते. त्यातला अमार्गोस्पायनस म्हणजे अमार्गासॉरस आणि स्पायनोसॉरस. एक चार पायांचा शाकाहारी, दुसरा मासे खाणारा, तरी दोघांच्या पाठीवर उंच काटे आहेत म्हणून जोड पाठीवर केली. हुशारी त्यातच आहे, आधी दोघांत सारखं काय ते शोधायचं. अल्टिमासॉरस नावाचा एक तर तेव्हा दुकानात आलाच नाही, नुसत्या नमुन्यावर राहिला. पुढे २०१५ मध्ये हास्ब्रो कंपनीचा स्टेगोसेराटॉप्स आला, तोही सोपा गडी. दोन्ही चार पायांचे, दोन्ही ठेंगणे, पुढे ट्रायसेराटॉप्सची झालर, मागे स्टेगोसॉरसच्या पाठीवरच्या हाडांच्या पाट्या. इंडोमिनसची मोट बांधणं याहून अवघड. आणि २०२५च्या चित्रपटातला डिस्टॉर्टस रेक्स, सहा अवयवांचा, तो तर खांद्याच्या प्रश्नाचा गुणाकारच.

बघायला जाताना खिशात टॉर्च ठेवा. पोटाचं झाकण उघडा आणि आत उजेड टाका. गिरगावातल्या एका चाळीत मी असाच एक नग बघायला गेलो होतो. हलवला तर खुळखुळला. मालक म्हणाले, “अहो, छोटे डायनासोर असतील.” झाकण उघडलं. एक गोटी, पाच रुपयांचं नाणं, बडीशेपेची अर्धी पुडी, आणि मानेच्या आतल्या कोपऱ्यात झुरळाची अंडी, खजुराच्या बीसारखी, ओळीने चिकटलेली. मालकांच्या सूनबाई दारातून बघत होत्या, त्यांनी तो तिथल्या तिथे बाल्कनीत ठेवायला लावला. मी तीनशे कमी करून घेतला. झाकणाची बिजागरी मात्र नीट बघा. ती प्लास्टिकचीच असते, आणि तिथे पांढरी रेघ उमटली असेल तर दहाएक उघडझापीत ती तुटणार हे धरून चाला.

नक्कल ओळखायची तर पायाचा तळवा किंवा पोटाखालचा भाग बघा. अस्सल मालावर कंपनीचं नाव आणि कॉपीराइटची ओळ साच्यातच उठवलेली असते, स्टिकर नसतो. नकलेत ती घासून काढलेली दिसते, किंवा अक्षरं फुगलेली. नक्कल करणारे अस्सल बाहुलीवरूनच साचा घेतात, त्यामुळे बारकावे बोथट होतात आणि माल थोडा लहान येतो, कारण प्लास्टिक थंड होताना आकसतं. जोडाच्या रेघेवर नख ओढा. कचकच लागली, पातळ पापुद्रा वर आला, तर साचा थकलेला किंवा निष्काळजी आहे. वासही घ्या, लाजू नका. डोकं चढणारा उग्र वास असेल तर लहान मुलाच्या हातात देऊ नका. मी स्वतः एकदा क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या गल्लीत ‘फर्स्ट कॉपी’ला अस्सल समजून पैसे मोजलेत, तेही वीस वर्षांच्या अनुभवानंतर. घाई होती, पाऊस होता, आणि तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला होता. पिशवी काढायला लावायची असते, एवढंच.

नवा घेणार असाल तर खोक्यावर आयएसआय चिन्ह शोधा. १ जानेवारी २०२१ पासून देशात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना ते सक्तीचं आहे. त्याआधी, फेब्रुवारी २०२० मध्ये, आयात शुल्क वीसवरून साठ टक्के झालं आणि पुढे २०२३ मध्ये सत्तर. परदेशी खेळण्यांचे इथले भाव ऐकून जो घाम फुटतो त्यामागे हेही आहे. वापरलेल्या जुन्या नगाला खोकं नसतं, त्यामुळे चिन्हही दिसणार नाही. तिथे तुमचं नाक आणि नख यांवरच भिस्त.

घरी आणल्यावर कोमट पाण्यात भांड्यांचा साबण टाकून धुवा आणि झाकण उघडं ठेवून दोन दिवस सावलीत वाळू द्या. पोकळ अंगात पाणी राहिलं तर पावसाळ्यात आत बुरशी धरते आणि तो वास कशानेच जात नाही. स्क्रू दिसतात तिथे शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. खिडकीत ठेवू नका. मे महिन्याच्या उन्हात बोटं आणि शेपटीचं टोक वाकतं. वाकलंच तर कढत पाण्यात मिनिटभर बुडवा, चिमट्याने सरळ धरा आणि लगेच थंड पाण्यात घाला. उकळतं पाणी तुम्ही हाताळा, मुलगी नाही.

मग साडेचार हजार? खांद्याचा सांधा घट्ट, बिजागरी धड, सगळी बोटं जागेवर असली तरी खोक्याशिवाय मी चारच्या वर जाणार नाही. कमरेत झुकत असेल तर साडेतीन. टी-रेक्स घ्यायचा असेल तर तोही घ्या, पण तो सगळ्यांकडे असतो, आणि अबेलिसॉरिडचं कपाळ त्याला नाही. मुलगी नऊ वर्षांची म्हणता, म्हणजे आठवडाभर छोटे डायनासोर गिळवेल आणि मग विसरेल. नंतर तो तुमचाच.

जाताना जुनी डबल बेडशीट न्या. तीन फुटांचा पांढरा प्राणी संध्याकाळी सहाच्या लोकलमध्ये उघडा नेता येत नाही. मी दादरला तसा चढलो होतो, शेपूट एका काकांच्या छत्रीत अडकली आणि अंधेरीपर्यंत सगळ्या डब्याला त्याची वंशावळ सांगावी लागली.